हत्तीच्या मागे चालत गेलेले अप्पा

(हीरक महोत्सवी वर्षात शिवाजीनगर, बंगळूर येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवाजीनगर हे नाव कानी पडले की मराठी मन सुखावते. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत या नावाची एखादी वस्ती असतेच. बंगळूरच्या शिवाजीनगराची प्रकृती मात्र निराळी आहे. लष्करी छावणीच्या आश्रयाने वाढलेल्या या भागाला एकेकाळी ब्लॅकपल्ली म्हणत. आज बसस्थानकावर उतरून, सेंट मेरी बॅसिलिकाच्या बाजूने, १९२७ साली उभ्या राहिलेल्या रसेल मार्केटपर्यंत चालत जावे, तर वाटेत तमिळ, दखनी उर्दू, कन्नड, तेलुगू आणि इंग्रजी अशा भाषांचा बाजार भरलेला असतो. मराठी शब्द कानावर आलाच, तर माणूस थबकून मागे वळून पाहतो. १६३८ नंतर बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हा इतिहास येथील प्रत्येक मराठी घरात अभिमानाने सांगितला जातो आणि तो सांगितला जावाच. परंतु साताऱ्याहून किंवा कोल्हापूरहून मुलाच्या घरी कायमच्या राहावयास आलेल्या सत्तर वर्षांच्या आजींना भाजीवालीशी दोन शब्द बोलावयाचे असतात, तेव्हा शहाजीराजे त्यांच्या मदतीला येत नाहीत.

मुलगा आणि सून सकाळी कामावर जातात, नातवंडे शाळेत जातात. सातव्या मजल्यावरच्या त्या सुंदर सदनिकेत दुपारी चार वाजेपर्यंत आजींच्या तोंडून एकही शब्द निघत नाही. एकाकीपण अरण्यात राहते अशी समजूत असते. प्रत्यक्षात ते गर्दीत राहते, आणि बहुधा भरल्या घरात.

हीरक महोत्सवाच्या निमित्ताने विद्यार्थ्यांनी स्वतःचा एक लघुपट तयार करावा आणि त्याचा विषय एकाकीपण व अनपेक्षित मैत्री हा असावा, अशी कल्पना पुढे आली आहे. कल्पना चांगली आहे. पण या विषयावर मराठीत फार मोलाचे काम आधीच होऊन गेले आहे, आणि कॅमेरा हाती घेण्यापूर्वी त्या कामाकडे नीट पाहणे उचित ठरेल. ते काम सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शकद्वयाचे. त्यातही ‘अस्तु’ हा चित्रपट आजच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. तो लघुपट नव्हे, पूर्ण लांबीचा चित्रपट आहे. मात्र तो करणाऱ्यांची वाट एका लघुपटापासूनच सुरू झाली होती, हे पुढे येईल.

‘अस्तु’मधील डॉ. चक्रपाणी शास्त्री, म्हणजे घरातले अप्पा, हे संस्कृतचे निवृत्त पंडित आहेत. आयुष्यभर शब्दांच्या संगतीत राहिलेल्या या विद्वानाला स्मृतिभ्रंशाने, अल्झायमरच्या विकाराने गाठले आहे. थोरली मुलगी इरा त्यांना आपल्या घरी सांभाळते आहे. एके दिवशी ती त्यांना घेऊन बाहेर पडते, काही कामासाठी गाडी थांबवते आणि त्यांना गाडीत बसवून क्षणभर दूर जाते. तेवढ्यात रस्त्यावरून एक हत्ती जातो. अप्पा तो हत्ती पाहतात, एखाद्या बालकासारखे हरखतात आणि त्याच्या मागे चालू लागतात. इरा परत येते तेव्हा गाडी रिकामी असते.

चित्रपटाची सारी कथा या एका घटनेभोवती उभी आहे. एकीकडे मुलगी वडिलांना शोधते आहे, आणि त्या शोधात तिला वडिलांबरोबरचे सारे दिवस पुन्हा आठवत आहेत. दुसरीकडे वडील माहुताच्या बिऱ्हाडात जाऊन पोहोचले आहेत. तेथे माहूत अंता आहे, त्याची बायको चन्नम्मा आहे, आणि हत्ती आहे.

अप्पांच्या एकाकीपणाची जात ओळखून घेतली पाहिजे. त्यांना माणसे नाहीत असे नाही. मुली आहेत, जावई आहे, आयुष्यभराचा मान आहे. पण माणसांकडे जाणारा त्यांचा पूल शब्दांचा होता आणि तो पूलच एकेक फळी गळून मोडला आहे. ज्याची विद्वत्ता स्मरणावर उभी, त्याचे स्मरण गेले म्हणजे त्याचे काय उरते, हा प्रश्न शाळा चालविणाऱ्यांना अस्वस्थ करणारा आहे. शाळा तर साठ साठ वर्षे स्मरणाचीच परीक्षा घेत असते.

चन्नम्माला अप्पा कोण आहेत हे ठाऊक नाही. पंडितांच्या घरातली प्रमाण मराठी तिची नव्हे. तिचे नावच कानडी मुलखाचे. संस्कृत तर तिच्या आयुष्याच्या आसपासही फिरकलेले नाही. पहिल्यांदा या म्हाताऱ्याची तिलाही पंचाईतच वाटते, कारण हातावर पोट असलेल्या घरात आणखी एक खाणारे तोंड ही काही सुखाची गोष्ट नसते. पण हळूहळू तिच्या ध्यानात येते की हा मोठ्या देहातला लहान जीव आहे. मग लहान मुलाचे करावे तसे ती त्याचे सारे करते. अप्पांना तिच्यात आई दिसू लागते. त्यांच्या आजाराचे नाव तिला कुणी सांगितलेले नाही आणि तिला ते लागतही नाही. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली या विकाराचे पहिले वर्णन केले. शतकभराच्या वैद्यकाने जे जमवले त्यातला एक शब्दही चन्नम्माकडे नाही. तिच्याकडे आजचा दिवस आहे, आणि अप्पांकडेही आता आजचाच दिवस उरला आहे. या दोघांचे जुळते ते येथे.

या ठिकाणी एक सोपा अर्थ काढण्याचा मोह होतो: गरीब चन्नम्मा प्रेमळ आणि सुखवस्तू इरा निष्काळजी. अनेक प्रेक्षक तसा अर्थ काढून, थोडे डोळे पुसून घरी जातात. तो अर्थ चुकीचा आहे, आणि चित्रपटावर अन्याय करणारा आहे. चन्नम्माने अप्पांना काही तास सांभाळले; इराने ते ओझे कितीतरी दिवस, कितीतरी रात्री वाहिले आहे. चन्नम्माला ‘पूर्वीचे’ अप्पा ठाऊकच नाहीत, म्हणून आताचे अप्पा तिला पुरेसे वाटतात. इराला मात्र रोज त्या पूर्वीच्या अप्पांचा वियोग सोसावा लागतो आणि समोर बसलेल्या माणसाला जेवूही घालावे लागते. ज्या वडिलांनी शब्द शिकवले, ते वडीलच आपल्याला ओळखत नाहीत, हे दुःख सांगावे तरी कुणाला? घरातील सर्वांत एकाकी माणूस अनेकदा आजारी व्यक्ती नसते. तिची शुश्रूषा करणारी मुलगी किंवा सून असते. इरावती हर्षे यांनी इराची ही घुसमट ज्या संयमाने दाखवली आहे, त्याची व्हावी तितकी चर्चा झाली नाही. आज येथे बसलेल्या पालकांपैकी काहींना इरा कोण, हे सांगावे लागणार नाही.

अप्पांची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली. ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. ज्याने असे रुग्ण जवळून पाहिले, त्यानेच तो रुग्ण उभा केला, आणि कदाचित म्हणूनच त्या अभिनयात कोठेही कीव मागितलेली दिसत नाही. चन्नम्मा साकारणाऱ्या अमृता सुभाष यांना ६१व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा मान मिळाला, आणि संवादलेखनाचा पुरस्कार सुमित्रा भावे यांना. शब्द हरवलेल्या माणसाच्या चित्रपटाला संवादांसाठी पुरस्कार मिळावा, यात काही तरी सुंदर विसंगती आहे.

आता या चित्रपटाच्या मुळाकडे वळू. सुमित्रा भावे यांचा जन्म १९४३ सालचा, पुण्याचा. त्यांचे शिक्षण समाजशास्त्राचे आणि समाजकार्याचे. चित्रपटाचे औपचारिक शिक्षण मुळीच नाही. काही वर्षे त्यांनी समाजकार्याचे अध्यापन केले. पुढे झोपडवस्त्यांतील स्त्रियांच्या आयुष्याचा अभ्यास करत असता त्यांच्यापुढे एक प्रामाणिक अडचण उभी राहिली. या स्त्रियांनी मन मोकळे करून जे सांगितले, त्याचा अहवाल होणार, तो विद्वान वाचणार. पण ज्यांचे ते आयुष्य आहे त्यांना तर वाचता येत नाही. मग त्यांचे त्यांना परत कसे द्यावयाचे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून ‘बाई’ हा लघुपट जन्माला आला. साल १९८५. त्या वेळी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकणारे तरुण सुनील सुकथनकर त्या कामात साहाय्यक म्हणून आले आणि पुढली पस्तीस वर्षे दोघांनी मिळून काम केले. ‘बाई’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी आलेल्या ‘पाणी’ या लघुपटालाही मिळाला.

समाजशास्त्राची एक मध्यमवयीन अभ्यासक आणि तिच्याहून तेवीस वर्षांनी लहान असलेला चित्रपटाचा विद्यार्थी, ही जोडी स्वतःच एका अनपेक्षित मैत्रीचे उदाहरण आहे. आपल्याकडे गुरुशिष्याचे नाते कळते, मायलेकरांचे कळते. वयाचे एवढे अंतर असूनही दोन माणसे बरोबरीने दिग्दर्शक म्हणून नाव लावतात, हे मात्र पचायला जड जाते. त्यांच्या निर्मितीसंस्थेचे नावही ‘विचित्र निर्मिती’ असे आहे.

‘स्वतंत्र चित्रपट’ हा शब्द अलीकडे फार सैल वापरला जातो. थोडक्या पैशांत केलेला चित्रपट म्हणजे स्वतंत्र चित्रपट नव्हे. ज्याला विषय कोणता निवडावा हे बाजाराने सांगितलेले नाही, तो स्वतंत्र. या दोघांचे विषय पाहिले तर ते ध्यानात येते. ‘देवराई’मध्ये छिन्नमनस्कता, ‘नितळ’मध्ये त्वचेवरील पांढरे डाग, ‘एक कप च्या’मध्ये माहितीचा अधिकार. कोणताही व्यवहारी निर्माता हे विषय ऐकून चहा पाजून निरोप देईल. या स्वातंत्र्याची किंमतही मोजावी लागते. ‘अस्तु’ला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले २०१४ साली, सर्वसामान्य चित्रपटगृहांत तो लागला २०१६ च्या जुलैमध्ये. दरम्यान या चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी असलेले डॉ. आगाशे तो ठिकठिकाणी घेऊन फिरले, खेळानंतर लोकांशी बोलत बसले, आणि प्रदर्शनासाठी लोकवर्गणीचा मार्ग धरला गेला. मराठी शाळांशी संबंध असलेल्यांना लोकवर्गणी हा शब्द नवा नाही. एकेक खोली, एकेक बाक ज्या पद्धतीने उभा राहिला, त्याच पद्धतीने हा चित्रपटही लोकांपर्यंत पोहोचला.

याच २०१६ सालात, ‘अस्तु’ चित्रपटगृहांत येण्याच्या सहाएक आठवडे आधी, कन्नडमध्ये एक चित्रपट प्रदर्शित झाला. तो बंगळूरच्या मराठी मंडळींनी आवर्जून पाहावा असा आहे. नाव ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’, म्हणजे गव्हाळ वर्ण, मध्यम बांधा. हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत असतात ते हे शब्द. दिग्दर्शक हेमंत राव. येथेही अल्झायमर झालेले वडील आहेत, येथेही त्यांना बाहेर घेऊन गेलेल्या अपत्याचे क्षणभर दुर्लक्ष होते आणि वडील हरवतात. फक्त अपत्य मुलगी नसून मुलगा आहे आणि शहर पुणे नसून बंगळूर आहे. वेंकोबा राव नावाचे हे गृहस्थ चन्नम्मासारख्या मायाळू घरात जात नाहीत, तर गुन्हेगारीत रुतलेल्या एका तरुणाच्या हाती सापडतात आणि त्याच्याशीही आपल्याच तंद्रीत बोलत राहतात. ही भूमिका अनंत नाग यांची. घरची भाषा कोकणी, तरुणपणी मुंबईत कोकणी, कन्नड आणि मराठी रंगभूमीवर वावर, आणि पुढे कन्नड चित्रपटात सर्वमान्य स्थान. कोणती भाषा ‘आपली’ या प्रश्नाचे उत्तर त्यांना एका शब्दात देता येणार नाही, जसे येथील अनेक मुलांनाही देता येत नाही. पुढे हा चित्रपट तमिळमध्येही नव्याने केला गेला.

दोन शेजारभाषांत, एकाच वर्षी, एकच हरवलेला बाप पडद्यावर यावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्या पिढीने मुलांना शिकवून दूर पाठवले, ती पिढी त्या वेळेपर्यंत म्हातारी झाली होती.

‘कासव’विषयी थोडक्यात सांगावे लागेल, कारण तो नसता तर हा विषय अपुरा राहिला असता. जीव देऊ पाहणारा एक तरुण रुग्णालयातून पळतो आणि तापाने फणफणलेल्या अवस्थेत जानकी नावाच्या स्त्रीला सापडतो. ती स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. कोकणच्या किनाऱ्यावर कासवांच्या संरक्षणाचे काम चालले आहे, तेथे ती त्याला घेऊन येते. तो कोण, कुठला, असे का केले, यातले काहीही ती विचारत नाही. तिचा गाडीचालक, कासवांचे काम करणारे एक वडीलधारे गृहस्थ आणि किनाऱ्यावरचा एक पोरका मुलगा, अशा एकमेकांशी रक्ताचे नाते नसलेल्या माणसांचे तेथे घर होते. समुद्रकासवाची मादी वाळूत शंभरएक अंडी पुरून निघून जाते; पिल्लांना आपली वाट आपणच चालावी लागते, पण कोणी तरी त्या वाळूवर राखण करू शकते. ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळाले. ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ आणि ‘कोर्ट’ यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट.

न विचारण्याची ही कला शाळांना फारशी येत नाही, हे मान्य केले पाहिजे. वर्गात मूल गप्प बसले की ‘काय झाले’, ‘का झाले’, ‘घरी सांगितलेस का’ असे प्रश्न सुरू होतात, आणि ते मूल अधिकच आक्रसते. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘दहावी फ’ या चित्रपटात प्रयोगशाळेची मोडतोड करणाऱ्या मुलांच्या बाजूला उभा राहणारा शिक्षक आहे. ‘फ’ तुकडीतल्या, कोणाच्याच खिजगणतीत नसलेल्या मुलांचे एकाकीपण तेथे तोडफोडीच्या रूपाने बाहेर पडते. दरवर्षी दहावीच्या शिक्षकांनी तो एकदा पाहावा.

आता विद्यार्थ्यांच्या लघुपटाविषयी. साधनांची अडचण आज राहिलेली नाही; घरोघरी असलेल्या मोबाइलमध्ये पुरेसा चांगला कॅमेरा आहे. नागराज मंजुळे यांच्या ‘पिस्तुल्या’ने सुमारे पंधरा मिनिटांत एका शाळेबाहेरच्या मुलाचे सारे जग दाखवले आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवला, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. अडचण असते ती वेगळीच. शालेय लघुपटांत एकाकी आजोबा म्हणजे खुर्चीत बसून खिडकीबाहेर पाहणारे आजोबा, मागे बासरी, आणि शेवटी धावत येऊन बिलगणारा नातू, असा ठरलेला साचा असतो. त्यात कोणाही खऱ्या आजोबांचा अंश नसतो. खरे आजोबा खिडकीत बसत नाहीत. ते रिकाम्या दुपारी तीन वेळा दुधाच्या पिशव्या धुतात, पहारेकऱ्याला उगाच वेळ विचारतात, औषधाच्या दुकानात एकच गोळी आणायला जातात, कारण उद्या दुसरी आणण्याचे निमित्त उरावे. हे दिसायला वेळ द्यावा लागतो. दहा मिनिटांच्या लघुपटात संपूर्ण आयुष्य मावत नाही; एक भेट मावते. ती भेट कोणाची कोणाशी, हे हाती लागले की पुष्कळसे काम झाले.

सुमित्रा भावे यांनी आधी ऐकले आणि मग चित्रित केले. ‘बाई’ झाला तो ऐकण्याच्या पोटी. १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्यांचा ‘दिठी’ हा चित्रपट प्रेक्षकांपुढे आला तो त्यानंतर महिनाभराने. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा तो चित्रपट. तरुण मुलगा गमावलेला एक वारकरी लोहार, आणि पावसाच्या रात्री अडलेली एक गाय. तेथेही दोन जीवांची गाठ शब्दांवाचून पडते.

ज्या विद्यार्थ्यांना या कामात भाग घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी एक अट ठेवावी अशी सूचना आहे. पहिले चार रविवार कोणीही काहीही चित्रित करू नये. घरातील किंवा शेजारच्या आजी-आजोबांना घेऊन रसेल मार्केटला जावे, त्यांच्या चालीने चालावे, पिशवी आपण धरावी, आणि भाव त्यांना करू द्यावा, येत असेल त्या भाषेत. आजी मराठीत बोलतील, भाजीवाली तमिळमध्ये उत्तर देईल, बोटे मोजली जातील, कोथिंबिरीची एखादी काडी फुकट मिळेल. मुलांनी मध्ये पडून भाषांतर करू नये. कॅमेरा पाचव्या रविवारी आणावा.